बसलेला सांधा

इंजिन पुन्हा त्याच जागी घसरलं. पाण्याच्या टाकीपासून वळण सुरू होतं, तिथून चौथ्या सांध्यावर पुढचं उजवं चाक रुळाच्या डोक्यावर चढलं, क्षणभर तसंच चाललं आणि बाहेर उतरलं. इंजिन आडवं झालं, स्पिरिटचा दिवा सांडला. मी ओलं पोतं टाकून तो विझवला.

"पडलं का?" सावलीत बसलेल्या मायनं विचारलं. "नातवंडं मोबाईल खेळत्यात, अन् आजा आगगाडी. तीबी पडकी!"

मुकुंदवाडीतल्या आमच्या गच्चीवर साडेतीन इंच रुंदीचा लांबट गोल लोहमार्ग आहे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी करून निवृत्त झाल्यावर मी तो टाकला, आणि त्यावर खऱ्या वाफेवर चालणारं वीतभर उंचीचं इंजिन केलं. लोकांना मी छंद म्हणून सांगतो. खरं कारण मायला माहीत आहे.

माझे वडील, म्हणजे आमचे दादा, रेल्वेत चाबीवाले होते. खांद्यावर हातोडा घेऊन रोज ठरलेला तुकडा पायी चालायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकून घट्ट करायच्या आणि कुठं सांधा बसला, म्हणजे खालची खडी दबून रूळ खाली गेला, तर रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीला सांगायचं, हे त्यांचं काम. मेंढरं राखणाऱ्या घरातून आलेल्या या माणसानं मला तालुक्याच्या शाळेतून इंजिनिअरिंग कॉलेजात पोचवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्यांचे उपकार विसरलेलो नाही, म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना दादांच्या तुकड्यात मालगाडीचं इंजिन घसरलं. वाफेनं भाजून फायरमन गेला. चौकशीत इंजिन निर्दोष निघालं, सांधा बसलेला निघाला. दादांचं चाबीवाल्याचं काम काढून त्यांना पुन्हा टोळीत खडी भरायला घातलं.

मी सुट्टीत घरी आलो तेव्हा ते म्हणाले, "रूळ शाबूत व्हता रे. मी कडंला झेंडी घेऊन हुबा व्हतो. इंजिनच आखडून आलं. चाक खाली बसतच नव्हतं."

मी नुकताच शिकत होतो आणि शिकलेलं सगळीकडे लावून बघत होतो. म्हणालो, "दादा, त्यांनी इंजिन मोजलंय, रूळ मोजलाय. मोजमाप खोटं बोलत नाही."

ते "व्हय" एवढंच म्हणाले. पुढे वारेपर्यंत त्यांनी माझ्यासमोर तो विषय काढला नाही. मला मात्र ते वाक्य ऐकू येत राहिलं, माझ्याच आवाजात. टूलरूममध्ये मापं घ्यायचा व्हर्नियर हातात धरला की हमखास यायचं.

म्हणून हे इंजिन. रूळ ठीक असताना केवळ इंजिनाच्या दोषानं गाडी घसरू शकते का, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. आणि ते घसरत होतं, पण कारण हाती लागत नव्हतं. दोन रुळांमधलं अंतर बरोबर, चाकांमधलं अंतर बरोबर. थंड इंजिन हातानं ढकललं तर वीसदा सुरळीत जायचं. वाफ धरून सोडलं की चौथ्या सांध्यावर आडवं.

एका दुपारी मी वाफ धरलेलं इंजिन त्या सांध्यावर उभं केलं आणि चारही चाकांखाली पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या सरकवल्या. तीन पट्ट्या ओढून निघेनात. पुढच्या उजव्या चाकाखालची अलगद हातात आली. चाक अधांतरी होतं.

मी पोटावर झोपलो, गाल तापलेल्या सिमेंटला लावला आणि एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत पाहिलं. टोळीची माणसं असंच बघतात. पलीकडच्या टोकाला कुणीतरी तसंच झोपून माझ्याकडे बघतंय असं वाटलं. मी मान वर केली नाही.

दोष माझ्या हातचा होता. चाकांचा आस ज्या पितळी पेटीत फिरतो, ती पोलादी चौकटीत वरखाली सरकायला हवी. टूलरूमच्या खोडीनं मी ती इतकी तंतोतंत बसवली होती, की जरा ढील उरली नव्हती. थंड असताना ती बोटानं सरकायची. तापली की पितळ फुगून आखडायची, आणि चाक खाली उतरायचंच नाही.

दादांच्या वेळचं इंजिन मोजलं ते दुसऱ्या दिवशी, गार झाल्यावर.

पण काम अर्धं सोडायची मला सवय नाही. रुळाच्या रेषेत बघताना तो सांधाही केसभर बसलेला दिसला होता. मी सांध्याखाली पत्र्याचा तुकडा सारून रूळ लेव्हलला आणला आणि तेच आखडलेलं इंजिन सोडलं. ते सुरळीत गेलं. पाचही वेळा.

मी मायजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "माय, इंजिन आखडलेलंच असणार. तापल्यावर आखडतं. दादा खरं बोलत होते."

ती म्हणाली, "अन् रूळ?"

मी म्हणालो, "रूळही थोडा खाली असणार. दोन्ही मिळून झालं. एकट्यानं झालं नसतं."

"मला ठावं हाय," माय म्हणाली. "त्यांनी सकाळीच बघितला व्हता सांधा. लई नाय, बोटभरबी नाय. म्हणले, पुढचा तुकडा बघून येतो, मग टोळीला सांगतो. तेवढ्यात गाडी आली."

"मग मला शाबूत होता म्हणून का सांगितलं?"

"पोराफुडं कुणाला कबूल करवतं? त्यांना वाटलं, तू खोदून इचारशील. मग सांगावं. तू कुठं इचारलंस? तू तर निकालच सांगितलास."

पुढचे दोन दिवस मी गच्चीवर गेलो नाही. मग पेटी कानशीनं थोडी घासली, ढील दिली. सांध्याखालचा पत्रा काढून टाकला. तो तिथं ठेवायला मन धजावलं नाही, का ते सांगता येणार नाही. आता इंजिन घसरत नाही. त्या सांध्यावर आलं की केसभर उजवीकडे झुकतं आणि सावरून पुढे जातं.

तेवढा वेळ माय तोंड फिरवून बसते.