नावाचं झाड

मुइरी टेकडीवर मुइरीचं झाड एकही उरलं नव्हतं. कॉफी लावायची म्हणून गोऱ्या साहेबानं ती सगळी तोडून घेतली, आणि तोडणाऱ्यांत न्याकियोचा बाप होता. पुढे कॉफीही गेली. पाच-पाच एकरांचे तुकडे पडले आणि नैरोबीचे साहेबलोक गायी, कुत्री नि शांततेची हौस घेऊन राहायला आले. उघड्या माळावर त्यांना सावली हवी होती. बापानं बोडकी केलेली टेकडी लेकीनं चाळीस वर्षं रोपं विकून भरून काढली. वस्तीत लहानथोर तिला शोशो, म्हणजे आजी, म्हणत.

वस्तीच्या पन्नाशीला रहिवासी संघानं टेकडीचा हिरवेपणा जपायचा ठराव केला. त्यातलं पहिलं कलम होतं, रस्त्याकडेचा रोपांचा धंदा हटवणं. नोटीस द्यायला सचिव गिचुही स्वतः आले.

"शोशो, मनाला लावून घेऊ नका. पण ह्या काळ्या पिशव्या, शेणखताचे ढीग... पाहुण्यांना बरं दिसत नाही."

"तुझ्या फाटकातला जकारांडा असल्याच पिशवीतून गेलाय."

"तो आता केवढा मोठा झालाय."

"होय रे. मोठं झालं की पिशवी आठवत नाही."

गिचुही हसले, पण नोटीस देऊनच गेले. न्याकियोनं रोपं खाली ओढ्याकाठी, आपल्या खोलीमागं नेली. तिथं गिऱ्हाईक फिरकेना. त्याहून तिला जास्त सलायचं ते हे, की गाडीची काच खाली करून "शोशो, माझ्या लिंबाची पानं का गं पिवळी पडतायत?" असं विचारायला कुणी येईना.

दीड महिन्यानं गिचुही चिखल तुडवत आले.

"पन्नाशीच्या समारंभाला एक मुइरी हवी होती. वस्तीला नाव झाडाचं, आणि झाडच नाही. अध्यक्षांना ओशाळल्यासारखं होतंय."

"आत्ता होतंय होय?"

तिच्याकडे एक होतं, तीन वर्षांचं. मरताना बाप म्हणाला होता, एक तरी परत लाव. कुठं लावावं, हे तिचं ठरत नव्हतं. टेकडीवरच जातंय म्हटल्यावर तिनं ते फुकट दिलं.

झाड लागलं ते तिचे वाफे हटवून मोकळ्या झालेल्या जागेत. पाटीवर नाव अध्यक्षांचं. आठवड्याच्या आत अध्यक्षांच्याच गायीनं शेंडा खाल्ला. जाळी लावावी तर शोभा जाते, म्हणून राखण ठेवायचं ठरलं. गिचुही पुन्हा ओढ्यावर आले.

न्याकियो स्टूल घेऊन आपल्या जुन्या जागी बसू लागली. महिन्याभरात तिच्या पायाशी सात-आठ काळ्या पिशव्या दिसू लागल्या.

"शोशो, हे काय?" गिचुहींनी विचारलं.

"झाडाला सोबत. एकटं झाड हट्टी होतं, वाढत नाही."

पुढच्या बैठकीत गिचुहींनी 'सोबतीची रोपे' म्हणून त्यांना रीतसर मंजुरी घेतली, आणि घरी जाताना त्यातलं एक लिंबाचं रोप उचललं.