शोभाताई 'चालेल' म्हणाल्या नव्हत्या

शोभाताईंच्या नावाने मी एकदा खोटं बोललो. ते खोटं इतकं लहान होतं की पालकांच्या ग्रुपवर टाईप करायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. 'ताईंनी फिल्म पाहिली आहे, आठवीपासून पुढच्या मुलांना चालेल.' गेल्या महिन्यात त्यांच्या भाच्याचा फोन आला, तेव्हा मी कोराडीहून शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. "मावशी गेली हो, सकाळी," एवढंच तो म्हणाला. पहिल्यांदा मनात आली ती हीच ओळ. त्यांचा चेहरा नाही, आवाज नाही... मी लिहिलेली ओळ. दुःख त्यानंतर आलं, याची लाज वाटते. म्हणून हा लेख त्या ओळीपासूनच सुरू करतो.

शोभाताई आमच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या शाळेत इतिहास शिकवायच्या. मी केंद्रात नोकरीला, वयाने त्यांच्याहून बराच लहान, आणि वसाहतीच्या क्लबात महिन्यातून एकदा मुलांसाठी माहितीपट दाखवायचे, त्या उपक्रमाचा सचिव. सचिव म्हणजे हॉलची किल्ली, प्रोजेक्टर, कूलरमध्ये पाणी भरणं आणि सतरंज्या. कोणती फिल्म कोणत्या मुलांनी पाहावी, हा प्रश्न मात्र सुरुवातीपासून ताईंकडे जायचा. कोणी नेमलं नव्हतं त्यांना. एकदा एका आईने विचारलं, ताईंनी आधी फिल्म पाहून घेतली, आणि तो रिवाज पडला.

पक्षी, नद्या, किल्ले यांच्या फिल्मांना अडचण नव्हती. अडचण युद्धाची, त्यातही जिथे राजकारण असायचं त्यांची. कोणता नेता काय म्हणाला, कोणी कोणाला फसवलं, कोण मेलं. नववी-दहावीच्या मुलांना हेच पाहायचं असायचं, आणि आईवडिलांना नेमकी याचीच भीती. ताई अशी फिल्म दोनदा पाहायच्या. पहिल्यांदा आवाज बंद करून. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आवाज बंद केला की कळते, डोळ्याले काय दिसून राहिलं अन् बाजा वाजवून आपल्याले काय दाखवून राहिले." मग दुसऱ्यांदा आवाजासकट, पेन न घेता, हात मांडीवर ठेवून. टीव्हीच्या काचेवर आमच्याकडे वीज केंद्राच्या राखेचा पातळ थर कायमचाच. बसण्याआधी त्या पदराने तो पुसायच्या.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी त्यांच्या क्वार्टरमध्ये पालक जमायचे. चहा असायचा, थंडीच्या दिवसांत कोथिंबीर भरलेल्या पुडाच्या वड्याही. ताई त्यांना पूर्ण फिल्म दाखवत नसत. त्यातला सगळ्यात अवघड तुकडा काढून तेवढाच दाखवायच्या आणि टीव्ही बंद करून गप्प बसायच्या. कोणीतरी घसा खाकरायचं. मग हळूहळू बोलणं सुरू व्हायचं. त्या स्वतः 'दाखवा' किंवा 'नका दाखवू' असं कधीच म्हणाल्या नाहीत. लोक फार मागे लागायचे, "ताई, तुम्हीच सांगा ना, किती वर्षाच्या पुढं?" त्या म्हणायच्या, "आठवीतली एक पोरगी दुसरीसारखी नसते. तुमच्या घरात काय चालू आहे, ते मले थोडीच माहीत आहे. तुम्ही पाहिलं ना आता? मग तुम्हीच ठरवा."

एकदा एक वडील आले, मोठ्या आवाजाचे. त्यांचा मुलगा दहावीत. "ताई, पोराले मिशा फुटल्या. आता त्याले कशाची भीती?" ताईंनी त्यांच्याकडे बघत चहाचा कप पुढे केला. "मिशा ओठावर फुटतात गा, डोळ्यांवर नाही." खोली हसली, तेही हसले, पण तुकडा पाहिल्यावर त्यांनीच मुलाला त्या महिन्यात घरी ठेवलं, आणि पुढच्या महिन्यात स्वतः सोबत घेऊन आले. याच्या उलट एक आई होती. युद्ध हा शब्दच तिला घरात नको होता. ताईंनी तिला एवढंच सुचवलं की मुलगा मोबाईलवर जो बंदुकीचा खेळ खेळतो, तो एक दिवस त्याच्या शेजारी बसून पाहा. ती बिचारी आठवडाभराने आली आणि म्हणाली, "त्याच्यात मेलेल्याले कोणी रडतच नाही, ताई." ताईंना त्या वाक्याचं फार कौतुक होतं. पुढे कितीतरी पालकांना त्यांनी ते ऐकवलं, तिचं नाव घेऊन.

एकांगी फिल्मची त्यांना भीती वाटत नसे, हे मला सुरुवातीला चमत्कारिक वाटायचं. एखाद्या फिल्ममध्ये सरळ सरळ एकाच बाजूची वकिली असायची. मी म्हणायचो, ही नको, मुलं बिघडतील. त्या म्हणायच्या, बिघडतील कशाने, फक्त घरी गेल्यावर त्यांना विचारा, यात कोण बोललंच नाही? ज्या गावावर बॉम्ब पडला त्या गावातलं कोणी बोललं का? ज्या सैनिकाला पाठवलं त्याला विचारलं का? हा प्रश्न आईबापांनी विचारावा, मास्तरीणबाईंनी नाही, असा त्यांचा आग्रह. पालक आधी थोडे लाजायचे. नंतर नंतर आमच्या वसाहतीत भाजी घेताना लोक आदल्या दिवशीच्या बातम्यांबद्दल बोलायचे आणि कोणीतरी म्हणायचं, "पण त्याच्यात कोण नाही बोललं?" आज ते दिवस आठवले की वाटतं, केवढी मोठी गोष्ट ही बाई चहाच्या कपावर करत होती, आणि आम्ही तिला 'ताईंचा शनिवार' म्हणून किती सहज घेत होतो...

आता माझी फिल्म. दूरच्या एका देशातल्या युद्धावरची होती. नेत्यांनी काय सांगून युद्ध सुरू केलं आणि ते खरं नव्हतं हे नंतर कसं कळलं, असा विषय. त्या दिवसांत आमची मुलं मोबाईलवर युद्धाच्या घोषणा ऐकून मैदानात त्याच ओरडत असत, म्हणून मला ती फिल्म फारच मोलाची वाटली. शहरातून एक प्राध्यापक बोलायला येणार होते, रविवार पक्का झाला होता, मी सगळीकडे सांगून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात ताईंची बहीण आजारी पडली आणि त्या शहरात, महाल भागात, तिच्या घरी गेल्या. तिथून त्यांचा फोन आला. एकदा पाहून झाली आहे, मुकी. आवाज लावून पाहायची आहे. "शनिवार होऊ दे, प्रकाश. पुढच्या महिन्यात दाखवू, काय बिघडते?"

माझं बिघडत होतं. प्राध्यापकांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. मी घरी बसून फिल्म पुढे पुढे पळवत पाहिली, रक्त कुठे आहे ते शोधत. रक्त जवळजवळ नव्हतंच. मग पालकांच्या ग्रुपवर ती ओळ लिहिली. ज्या ताई 'चालेल' हा शब्द आयुष्यात उच्चारत नव्हत्या, त्यांच्या तोंडी मी तो घातला. आणि गंमत म्हणजे सगळ्यांना बरंच वाटलं. शनिवारचा खटाटोप वाचला, निकाल हातात आला. धडाधड अंगठे उमटले.

फिल्ममध्ये एक प्रसंग होता. एक साधं घर, बाहेर लष्करी गणवेशातली दोन माणसं. ती दार वाजवतात. आतल्या बाईने त्यांना खिडकीतून पाहिलेलं आहे. मुलगा युद्धात गेल्याचं सांगायला ती आली आहेत हे तिला कळलं आहे, आणि ती दार उघडत नाही. बराच वेळ फक्त दार वाजत राहतं. मी पळवत पाहिलं तेव्हा ते एक बंद दार होतं, दुसरं काही नाही. त्या रविवारी हॉलमध्ये सतरंजीवर मुलींच्या रांगेत ऋतुजा बसली होती, आठवीतली. तिचे वडील सैन्यात, तेव्हा सीमेवर. ही गोष्ट अख्ख्या वसाहतीला माहीत होती. मलाही होती. ती आणि तिची आई आमच्या समोरच्याच क्वार्टरमध्ये मामाकडे राहायच्या.

त्या दिवसापासून घराची बेल वाजली की ऋतुजा स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखाली बसायची. आईलाही दार उघडू देईना. दूधवाला, गॅसवाला, शेजारीण, कोणीही असो, ती आईचा पदर धरून ठेवायची. शाळा बुडाली ती कितीतरी दिवस.

ताई महालातून परतल्या त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. कबूल करायलाच गेलो होतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. हातात चहा होता, शब्द जुळवत होतो, तेवढ्यात ऋतुजाची आई, संगीताताई, आत आल्या. बसल्या नाहीत. ताईंना त्या जे बोलल्या ते सगळं इथे लिहीत नाही. पोटी पोर असतं तर कळलं असतं, हेही त्या म्हणाल्या. ताईंना मूलबाळ नव्हतं. मी तिथेच होतो, खुर्चीत, दोन हातांच्या अंतरावर. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. मग ताई म्हणाल्या, "ऋतुजाजवळ मी येऊन बसू काय वं, संगीता?" "काही गरज नाही," म्हणून त्या निघून गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, ताई, ती ओळ तुमची नाही हे तुम्ही सांगितलं का नाही? त्यांनी माझ्या हातातला गार झालेला कप घेतला. आवाज चढला नव्हता. "तू विचारलं असतं तर मी थांब म्हटलं असतं. हे तुले माहीत होतं, म्हणून तू विचारलं नाही. आता हे मी सांगू काय तिले? ते तुझं सांगणं आहे, प्रकाश."

मी हो म्हणालो. उद्या सांगतो म्हणालो. तो उद्या मी सात-आठ वर्षं पुढे ढकलला. आधी वाटलं, राग शांत होऊ दे. मग वाटलं, आता मुलगी सावरली आहे, कशाला उकरायचं. मग ऋतुजाचे वडील सुखरूप निवृत्त होऊन आले आणि ते कुटुंब शहरापलीकडे वाडीला राहायला गेलं, तेव्हा तर मी चक्क सुटकेचा श्वास सोडला. ताईंचे शनिवार मात्र बंद झाले. कोणी बंद केले नाहीत, लोक यायचे थांबले. ताईंच्या भरवशावर पाठवलं होतं, असं एकमेकांना सांगून थांबले. मी सचिव राहिलो. पक्ष्यांच्या फिल्मा दाखवत राहिलो.

आणि ताई माझ्याशी तशाच राहिल्या. हेच मला सोसत नव्हतं. निवृत्तीनंतर त्या महालात बहिणीकडे गेल्या, तरी वर्षा-सहा महिन्यांनी मी जायचो. माझ्या मुलाच्या लग्नाला त्या आल्या, जेवताना माझ्या बायकोच्या वरणाचं कौतुक केलं. एकदाही तो विषय काढला नाही. शेवटची भेट या उन्हाळ्यातली. कूलरच्या वाऱ्यात पलंगावर पडून होत्या, हाताची कातडी कागदासारखी झालेली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मध्येच म्हणाल्या, "ऋतुजा काय करते रे आता?" मी म्हणालो, माहीत नाही, ताई. "विचार कधीतरी," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. मी तिथे बसून राहिलो, आणि थोड्या वेळाने उठून आलो.

वसाहतीत शोकसभा झाली तेव्हा एका वक्त्याने मला ताईंचा उजवा हात म्हटलं. लोकांनी मान डोलावली. त्या रात्री बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती फक्त म्हणाली, "मले सांगून काय होते? वाडीले जा."

संगीताताई आता वाडीत गोदामांच्या मागच्या गल्लीत ट्रक ड्रायव्हरांसाठी खानावळ चालवतात. दुपारची गर्दी ओसरली होती. त्या परातीत उद्याच्या पोळ्यांची कणीक चाळत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं, बसा म्हणाल्या, जेवून जा म्हणाल्या. ऋतुजा बी.एड. करते आहे, सांगताना चेहरा उजळला. मी म्हणालो, आधी ऐकून घ्या, मग जेवायला वाढायचं की नाही ते ठरवा. आणि उभ्या उभ्याच सांगितलं. फोन, पळवत पाहिलेली फिल्म, ती ओळ, आणि त्या संध्याकाळी खुर्चीत बसून राहिलो तेही.

चाळणी थांबली. "मले तेव्हाच वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "ताई असं 'चालेल' कधी म्हणत नव्हत्या. पण मले रागच इतका आला होता... अन् तुम्ही? समोर राहत होते. रोज दिसत होते. तुम्ही काहून नाही बोलले?"

भीती वाटत होती, एवढंच मी म्हणू शकलो.

"मी त्यायले काय काय बोलली, तुम्ही ऐकलं ना? पोटच्या पोरावरून बोलली मी. त्या गेल्याचं समजलं तेव्हाही नाही गेली. तेरवीलेही नाही." त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले. "आता मी कोणाची माफी मागू?"

ताईंची माफी मागायची संधी मी स्वतःची घालवली होतीच, संगीताताईंचीही घालवली होती, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं. मी हात जोडले.

"तुम्ही ताईंना जे बोललात ते माझ्या वाट्याचं होतं, संगीताताई. ते मी त्यांना ऐकू दिलं, आणि तुम्हाला त्यांच्यापासून तोडलं. तुमच्या पोरीला भीती घातली ती मी. माझं चुकलं. ऋतुजा आली की तिलाही हे माझ्या तोंडाने सांगेन. मला माफ करा."