तिरप्या टाइपाचे उपद्व्याप

छापखान्यात काम संपलं की खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ज्याच्या त्याच्या खणात परत टाकतात. किश्शांना मात्र खणच नसतो, ते साठतच जातात! तेहतीस-चौतीस सालात मी नाशकात नानांच्या छापखान्यात प्रुफं वाचायचो, तेव्हाचे हे.

तिथे एक जुना तिरपा टाइप होता. उजवीकडे कललेली, गुबगुबीत, टोकाला वळण घेतलेली अक्षरं. वाचताना कुणी शेजारी बसून बोलतंय असं वाटायचं. खिळे जुळवणारे आमचे जुळारी रहीमचाचा तो स्वतःच्या हातांनी धुवायचे. नानांना मात्र तो डोळ्यांसमोर नको. "जुनाट झालाय. दसऱ्याला वितळवायला देणार!"

"पंचवीस वर्षं हात फिरवलाय मालक. निदान मी गेल्यावर तरी द्या," चाचा म्हणाले. त्या दुपारी त्यांनी डबासुद्धा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं.

*

एक द्राक्षवाले शेठ द्राक्षांच्या पाट्यांवरची लेबलं छापायला आले. तिरप्या टाइपात जुळवलेले खिळे बघून ओरडले, "आरं, अक्षरं डावीकडं पडली!"

"खिळे उलटे असतात शेठ. छापल्यावर उजवीकडं कलतील," चाचा म्हणाले.

"दोन्हीकडं कलत्यात? मंग मधी थांबवा की!"

लेबलं नेली एकदाची. दुसऱ्या दिवशी बाजारात बघतो तर प्रत्येक पाटीवर लेबल वाकडं चिकटवलेलं, अक्षरं सरळ उभी राहावीत म्हणून!

*

सरळ टाइप एका पोथीच्या छपाईत अडकला होता, तेव्हा एका चाळमालकाची भाडेकरूंना द्यायची नोटीस तिरप्यात गेली. "रविवारी सकाळी समक्ष हजर राहावे. सबब ऐकली जाणार नाही."

रविवारी अख्खी चाळ धुतल्या कपड्यांत, पोराबाळांसकट दारात! एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पंगत किती वाजता?"

चाळमालक तणतणत आला. "अहो, मी दम दिला होता!"

नानांनी त्याच दिवशी टाइप पोत्यात भरून दाराशी ठेवला.

*

आणि नेमक्या त्याच आठवड्यात काकू, म्हणजे नानांची बायको, भांडून निफाडला माहेरी गेल्या. नानांनी तीन कार्डं टाकली, तिन्हींवर एकच मजकूर: "ताबडतोब निघून ये. घर अडले आहे." उत्तर नाही! नानांचं जेवणावरून मन उडालं.

चौथं कार्ड लिहायला घेतलं तेव्हा चाचा म्हणाले, "मालक, एवढं शेवटचं मला या टाइपात जुळवू द्या."

"काय वाट्टेल ते करा!"

चाचांनी पोत्यातून एकेक खिळा वेचला, शब्दही न बदलता कार्ड छापलं आणि स्वतः टपालपेटीत टाकून आले.

दसऱ्याच्या सकाळी दारात टांगा थांबला. काकू उतरल्या, हातात ते कार्ड.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा गोड बोललात हो!" म्हणाल्या आणि घरात गेल्या.

नाना पोत्यापाशी गेले. मग हळूच म्हणाले, "चाचा, पोतं सोडा, खिळे खणात लावा. आणि त्या कार्डाचा जुळवलेला मजकूर मोडू नका. तसाच बांधून ठेवा, पुन्हा लागेल!"