खिंडीच्या अलीकडे

हिमालयात जायच्या आधी महिनाभर मी आमच्या चाकणच्या कंपनीत दुसरं काही बोललोच नव्हतो. संध्याकाळी वाकडच्या आमच्या इमारतीचे जिने पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन चढायचो आणि भेटेल त्याला थांबवून कारण सांगायचो. बायकोही चढायची. तिला कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. ती सोबत येतेय ती माझ्या गोळ्या-औषधांकडे बघायला, असाच सगळ्यांचा समज होता. खरं सांगायचं तर माझाही.

देवदारांच्या जंगलात मी सगळ्यांच्या पुढे. "सर, धीरे चलो," म्हणणाऱ्या गाइडला मी आमच्याकडचा घोरावडेश्वरचा डोंगर किती झपाझप चढतो ते ऐकवलं. मग झाडं संपली, नुसतं खुरटं गवत आणि दगड उरले, तशी माझी बोलती बंद झाली. डोकं ठणकायला लागलं, पोटात पाणी ठरेना. खिंडीच्या अलीकडच्या तळावर गाइडनं मला तंबूत निजवलं आणि म्हणाला, "बस. आगे नहीं."

"मीपण थांबते," बायको म्हणाली. मी मोठ्या मनानं "जा तू" म्हटलं. आतून वाटत होतं, ही अर्ध्या वाटेतून परत येईल. ती बर्फ तुडवत खिंडीपर्यंत जाऊन आली. इतकं मोकळं हसताना मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं. आणि मी काय विचारलं? "सूप मिळेल का गं?"

परतलो तर सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स. आमच्याकडे कुणाच्या पुतण्याच्या वाढदिवसालाही फ्लेक्स लागतो, मग मी कसा सुटणार? गॉगल लावलेला मी, मागे कुठलं तरी शिखर, 'हिमालय सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे चेहरे. बायको कुठेच नव्हती. तिनं तो सगळा वाचला आणि बॅगा उचलल्या.

रविवारी क्लबहाउसमध्ये मला शाल-श्रीफळ. तिला 'साथ दिल्याबद्दल' कुंकू लावून खण-नारळ. माईक हातात आल्यावर मी धीर करून म्हणालो, "मी तळावर आडवा होतो. खिंडीत ही गेली."

मग चेअरमन हसले. "बघा राव, याला म्हणतात मोठेपणा! सगळं श्रेय वहिनींना!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. 'अहो, मस्करी नाही,' एवढंच मला म्हणायचं होतं. पण टाळ्या माझ्यासाठी होत्या आणि कानाला गोड लागत होत्या. शरमेनं मान खाली गेली, तर लोकांनी तोही विनयच धरला.

स्टेजवरून खाली उतरलो तेव्हा शेजारच्या काकू बायकोला विचारत होत्या, "अगं, नाकाची सालं निघालीयेत की! ॲलर्जी झाली का?"

ते बर्फावरचं ऊन होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी शालीची घडी घालत राहिलो.

"हो," ती म्हणाली. "तिकडची हवा बाधली."