व्हर्नाने उडवलेला बॅज

व्हर्ना हापाला सहजासहजी कुणावर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. कॅनडातल्या थंडर बे शहराच्या एकाच शाळेत तिची हयात गेली, आणि वरच्या कार्यालयातून आलेल्या प्रत्येक नव्या टुमेला तिने आधी नाकच मुरडलं.

पण दर बुधवारी शाळा सुटल्यावर तिच्याच वर्गात शिक्षकांचा अड्डा जमायचा. दुसरीची तरुण शिक्षिका टेस ओकिमॉ कधी चुकवायची नाही. नियम व्हर्नाने घातलेला: प्रत्येकाने आपला फसलेला तास सांगायचा. कुणी हसायचं नाही, कीव करायची नाही, फक्त विचारायचं, "पुढच्या वेळी काय करशील?"

अशात कार्यालयाने डिजिटल बॅज काढले. सहकाऱ्याने शिफारस केली की तुमच्या नावापुढे संगणकावर रंगीत बिल्ला झळकणार.

"पोरांच्या वहीत चांदण्या चिकटवतो, तसलंच हे," व्हर्ना म्हणाली. "आज बिल्ला देतील, उद्या ज्याच्याकडे नाही त्याला घरी बसवतील. लिहून ठेवा."

एके दिवशी तिलाच मेल आला: 'अभिनंदन! तुम्हाला बॅज मिळाला आहे. स्वीकारण्यासाठी इथे दाबा.' फसव्या मेलला कोण भुलतं हे पाहायला कार्यालय स्वतःच असले गळ टाकत असे. मागे फुकट कॉफीच्या आमिषाला व्हर्ना भुलली होती आणि शिक्षा म्हणून एक रटाळ व्हिडिओ तिला अख्खा पाहावा लागला होता. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यात मेलखाली टेसचं नाव. ओळखीचं नाव वापरायची भामट्यांची ही जुनीच युक्ती! तिने 'संशयास्पद' दाबून मेल उडवला.

त्यानंतर टेस अड्ड्यावर यायची बंद झाली. व्हर्नाच्या मनात पाल चुकचुकली. बिल्ले गोळा करायला पोरगी दुसऱ्या कंपूत गेली असणार! शेवटी तिने टेसला झेरॉक्स मशीनपाशी गाठलं.

"काय गं, आमचा अड्डा आता बेचव लागतो वाटतं?"

"तुम्हीच मला भामटी ठरवलंत," टेस मशीनमधले कागद गोळा करत म्हणाली. "पहिल्या वर्षी मी नोकरी सोडून निघाले होते. तुमच्या बुधवारांमुळे राहिले, एवढंच त्या शिफारशीत लिहिलं होतं मी. तुम्ही 'संशयास्पद' दाबलंत, ती तक्रार कार्यालयात गेली, आणि तो व्हिडिओ त्यांनी मला बघायला लावला."

व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बुधवारी तिने अख्खा अड्डाच टेसच्या वर्गात नेला आणि दुसरीतल्या पोरांच्या इवल्या खुर्चीत कशीबशी बसली.

"आज माझं फसलेलं," ती म्हणाली. "कुणीतरी माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिलं, आणि मला तो सापळा वाटला."

कुणी हसलं नाही. टेस मान खाली घालून वह्या चाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी काय कराल?"

"आधी तुला येऊन विचारेन, तूच लिहिलंयस ना म्हणून," व्हर्ना म्हणाली. "मग दाबेन."

टेसने वह्या बाजूला सारल्या आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली.