गप्प बसायची गोळी

“अफू चाटवली असशील हिला लहानपणी. तुम्हा विडीवाल्या बायकांची सवयच ती.”

डॉक्टर माझ्या आईला म्हणाले. सोलापुरातला सरकारी दवाखाना, बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. मागे रांगेतल्या बायका ऐकत होत्या. विड्या वळताना तान्हं रडू नये म्हणून अफू देणाऱ्या बाया आमच्या गल्लीत होत्या, खोटं का बोलू. पण माझ्या आईनं कधी दिली नाही. माझ्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती विड्या वळायची.

“न्हाय वो सायेब, देवाशपथ न्हाय दिली.”

डॉक्टरांनी मान वर केली नाही. मला हातही लावला नाही.

माझा गुन्हा एवढाच, की मला एका जागी बसवत नव्हतं. शाळेतल्या बाईंनी आईला बजावलं होतं, औषध आणा, तरच वर्गात घेईन. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. झोपेच्या.

रोज प्रार्थना झाली की बाई मला सगळ्यांसमोर पुढे बोलवायच्या. “तोंड उघड. जीभ वर कर.” गिळली का ते बघायच्या. पोरं फिदीफिदी हसायची. मग मी कोपऱ्यात पडून राहायची. पाढे गेले, कविता गेल्या. एकदा झोपेतच परकर ओला झाला. जाग आली तर पोरी नाक धरून उभ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निरोप गेला. आई धावत आली. “बाई, गोळी लई जड पडतीया पोरीला. बंद करा की.”

“चालूच राहू दे. वर्ग तरी शांत असतो.”

तेव्हा कळलं. ते औषध माझ्यासाठी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं आणि गोळी बाईंच्या टेबलावर थुंकले. “मी न्हाय घेणार.” गालावर पाच बोटं उठली. शाळेतून नाव कमी झालं. पुढे दुसऱ्या शाळेत, लहान पोरींत थोराड होऊन शिकले.

आई शेवटच्या आजारातही मध्येच म्हणायची, “म्या खरंच दिली नव्हती गं अफू.” डॉक्टर ते कधीच विसरले असतील. ती विसरली नाही.

आता मी दवाखान्यात नर्स आहे. पोर आवरत नाही म्हणून लोक घेऊन येतात. औषधाशी माझं वैर नाही. पोराचं भलं होणार असेल तर मीच समजावून देते. पण आधी त्या पोराला विचारते, तुला काय होतं. नुसती शांतता हवी म्हणून गोळी मागाल तर माझ्या हातून मिळणार नाही. नोकरी गेली तरी नाही. आणि आईकडे बोट दाखवायचं नाही. माझ्यासमोर तर नाहीच.