शाई वाढली

गुरुजींनी दौतीतली उरलीसुरली शाई बाईच्या पेनात भरली. माझ्या डोळ्यांदेखत. दसऱ्याच्या सकाळी, पूजेच्या पाटासमोर बसून. त्यांचा स्वतःचा पेन तिथेच होता. मी तो कोमट पाण्याने धुतला होता, निब आणि निबेखालची जीभ वेगळी करून फडक्यावर वाळवली होती, परत बसवून पाटाजवळ ठेवला होता. त्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

मी म्हटलं, "अवो, तुमचा पेन इथं आहे."

"दिसते मले," ते म्हणाले, आणि शाईचा थेंब न् थेंब बाईसाठी काढला.

गुरुजी म्हणजे माझा नवरा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. गाव त्यांना गुरुजी म्हणत असे, म्हणून मीही गुरुजीच म्हणू लागले. बाई म्हणजे आमच्या गल्लीतली दुसरी पेन्शनवाली. तिची सगळी नोकरी शहरातल्या शाळांत झाली. नवरा वारल्यावर आणि निवृत्त झाल्यावर ती भावाच्या गावात, म्हणजे आमच्या गावात, दोन खोल्या बांधून राहायला आली. गावात शाईच्या पेनाने लिहिणारी माणसं दोनच उरली होती, एक माझा नवरा आणि एक ती. देवाने नेमकी तीच दोन एका गल्लीत आणून ठेवली.

मी चौथी शिकले. माहेरी वांगी-मिरच्या, सासरीही वांगी-मिरच्या. लग्न झाल्यावर गुरुजींनी मला एकच काम शिकवलं, ते म्हणजे पेन भरणं. स्वयंपाक, भाजी, गुरंढोरं हे मला येतच होतं, ते शिकवायची गरज नव्हती. दर रविवारी सकाळी, मळ्यात पाणी द्यायला जाण्याआधी, मी ओसरीत बसून त्यांचे पेन उघडत असे. ड्रॉपरने शाई घ्यायची, पेनाच्या नळीत सोडायची, आट्यांना बोटभर व्हॅसलीन लावायचं म्हणजे शाई खिशात गळत नाही. दौत खाली गेली की तिच्या बुडाशी एका बाजूला सुपारी ठेवायची. दौत कलते, शाई कोपऱ्यात जमते, ड्रॉपरला सापडते. आठवडाभर ते वर्गात जे काही लिहीत, ते मी भरलेल्या शाईने लिहीत. मला ते आवडायचं. यापेक्षा जास्त मी कोणाला कधी सांगितलं नाही.

बाई आली आणि रविवार गेला.

पहिल्यांदा ती शाई मागायला आली. मेहकरच्या दुकानात विचारलं तर दुकानदाराने जेलपेनांचा डबा पुढे केला म्हणे. गुरुजींनी आमची दौत बाहेर काढली. पुढच्या रविवारी ती स्वतःचा पेन घेऊन आली. त्याच्या पुढच्या रविवारी मी मळ्यातून आले, तर दोघं ओसरीत बसलेले, मध्ये दौत, मध्ये फडकं, आणि गुरुजींचा पेन बाईच्या हातात. भरून झाला होता. सगळं नीट केलं होतं, एक डाग कुठे नव्हता. मी भरायची तेव्हा फरशीवर हमखास डाग पडायचा. माझं काम कोणी वाईट केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

तिच्या साडीला इस्त्री असायची. चहा ती आवाज न करता प्यायची. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, नखाशेजारी, एक निळा डाग होता. गुरुजींच्याही त्याच बोटावर त्याच जागी होता. एकाच माणसाच्या दोन हातांवर असावा तसा. माझ्या बोटांवर वांग्याच्या काट्यांचे ओरखडे आणि मिरचीची आग. ती आग रात्री डोळ्याला हात लागला की कळते. डाग पडणारं काम माझ्याकडून गेलं होतं.

शेजारीण भिंतीवरून विचारायची, "काऊन वं, तुह्या घरी रविवारची शाळा भरून राह्यली काय?"

मी म्हणायची, "हाव, तूही ये. पाटी घेऊन ये."

"मले बाई शाईचं काम नाही जमत. अन् मास्तरीण मले घेनार बी नाही शाळेत."

ती हसायची. मी नाही.

आता शाईचं सांगते. माझ्या सासूच्या घरात एखादी वस्तू संपली असं म्हणायची सोय नव्हती. दिवा विझला म्हणायचं नाही, बांगडी फुटली म्हणायचं नाही, हे सगळीकडेच आहे. सासूने त्यात मीठ घातलं, तांदूळ घातले, आणि शेवटी शाईही घातली, कारण घरात पगार शाईने येत होता. शाई संपली की "शाई वाढली" म्हणायचं. सासू गेली तरी ही सवय राहिली. मी, गुरुजी, आमची लेकरं, सगळे तसंच बोलतो.

भादव्यात बाई खामगावला तिच्या मुलीकडे निघाली. तिथल्या एका जुन्या दुकानात अजून शाईची बाटली मिळते, हे तिनेच शोधून काढलं होतं. पिशवी खांद्याला लावून ती दारात उभी राहिली. मी चुलीपाशी होते.

"वहिनी, खामगावला चाललेय. शाईचं कसं आहे?"

"वाढली," मी म्हटलं.

"अरे वा, बरं झालं," असं म्हणून ती गेली.

मला तेव्हाच नवल वाटलं. शाई संपली यात हिला काय बरं झालं? मग म्हटलं, बरं झालं म्हणजे आणायला निमित्त झालं असेल. घेईल आणि येईल मिरवत.

ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली. चिवडा आणला, गुरुजींना मफलर आणला. शाई आणली नाही.

"शाई?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, वाढली म्हणून?"

"मग? वाढली म्हणूनच तं आणाची."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. गुरुजींना आधी समजलं. ते असे हसले की त्यांना ठसका लागला. "अवो बाई," ते तिला म्हणाले, "आमच्या घरी संपली म्हनत नाहीत. माह्या मायचा कायदा आहे तो."

"अगं बाई! आणि मला वाटलं कोणीतरी नवी बाटली आणून दिली!" ती पदर तोंडाला लावून हसू लागली. दोघं पुन्हा पुन्हा हसत होती. मी बोलले ते बरोबर होतं. घरचं बोलणं घरच्यांनी असंच बोलावं. पण त्या दिवशी आमच्या घरची गोष्ट त्यांनी तिला सांगितली आणि हसायला मात्र मी बाहेर होते.

म्हणून दसऱ्याला दौतीत फक्त तळ होता. दसऱ्याला आमच्याकडे पाटावर पेन, दौत आणि पुस्तक मांडतात, झेंडूचं फूल वाहतात, आणि पूजेनंतर भरलेल्या पेनाने कोऱ्या कागदावर श्री काढतात. बाई आली ती तिचा पेन घेऊनच आली. तिचा पेन पंपाचा. त्याची निब पूर्ण बुडेल एवढी शाई असेल तरच तो ओढतो. गुरुजींच्या पेनाला चमचाभरही चालली असती, ड्रॉपरने टाकली की झालं. म्हणजे साध्या हिशोबाने शाई कोणाच्या पेनात जायला हवी होती ते लहान पोरही सांगेल.

गुरुजींनी सुपारी मागितली. मी दिली. दौत कलती केली, ड्रॉपरने कोपऱ्यातली शाई काढली, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं उंच झाकण घेतलं आणि त्यात सोडली. मग दौत उलटी धरून झटकली. ड्रॉपर त्यांच्या हातात नीट राहत नव्हता. मला वाटलं घाईने. बाईने झाकणात निब बुडवली, पंप फिरवला. झाकण कोरडं झालं.

"काढा श्री," ते तिला म्हणाले.

तिने काढलं. अक्षर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? मी आत निघून गेले. पहिली पुरणपोळी जळाली ती गुरांच्या पाटीत टाकली. बाई जेवायला थांबली. सगळ्यांना तूप वाढलं, तिच्या पोळीवर धार आखडती घेतली. तिने तशीच पोळी मोडली. गुरुजींनी मात्र आपल्या ताटातली तुपाची वाटी तिच्याकडे सरकवली.

ती गेल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"माह्या हातचा पेन कडू झाला काय तुमाले?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. "पाह्य," म्हणाले.

हात कापत होता. थंडीने कापतो तसा नाही. बोटं आपापली वेगळी हलत होती.

"कवापासून?"

"श्रावणापासून. माहा पेन बारीक आहे. धरवतच नाही. त्यात शाई भरून काय कराचं? वाळून जाईन."

"मग रविवारी काय लिहून राह्यले होते तुमी?"

"बाई लिवते. मी बसतो."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तू मळ्यात राहे."

"न् तिले सांगतलं."

"तिले नाही सांगतलं. तिनं पाह्यलं."

हे ऐकून मला शाईपेक्षा जास्त लागलं. मी त्यांना रोज ताट वाढत होते. भाकरीचा घास ते डाव्या हाताने आधार देऊन तोंडाशी नेतात हे मी पाहिलं होतं, आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. परक्या बाईने एका रविवारी बघून ओळखलं. माणूस माझा आणि त्याच्या हाताची खबर तिला. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही फक्त जेवायला चला एवढंच म्हटलं.

दिवाळी झाली आणि हयातीच्या दाखल्याचे दिवस आले. पेन्शनवाल्यांनी दर वर्षी बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं सहीनिशी सांगायचं असतं. डोणगावच्या बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं ऑटोने गेलो. बाईला स्वतःचाही दाखला द्यायचा होता, तिला नको म्हणायला मला कारण नव्हतं. ऑटोत ती मध्ये बसू लागली, तेव्हा मीच आधी मध्ये शिरले.

बँकेतल्या पोराने गुरुजींचा हात बघितला आणि म्हणाला, "आजोबा, सही राहू द्या. अंगठा द्या."

गुरुजींचा चेहरा लाल झाला. "चाळीशीतल्या बायायले सही शिकवली मी या भागात. अंगठा देनार नाही."

"बरं बाबा, मग हा पेन घ्या." त्याने काउंटरला दोरीने बांधलेला बॉलपेन सरकवला. तो बारीक. गुरुजींच्या बोटांतून दोनदा सुटला. मागे रांग होती. कोणीतरी हसलं.

बाईने तिचा पेन काढला. जाड, काळा. टोपण उघडून त्यांच्या बोटांत दिला. "दसऱ्यापासून मी यातून लिहिलं नाही," ती म्हणाली. त्यांना नाही, मला म्हणाली.

तेव्हा मला कळलं. शाई त्या सहीसाठी ठेवली होती. जाड पेनात, निब मऊ, दाबावं लागत नाही, अशा पेनात. दोघांनी ठरवलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांचं कोपर धरलं, बाईने कागद धरला, आणि त्यांनी सही केली. वाकडी, पण त्यांचीच. पोराने जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि शिक्का मारला. गुरुजींनी पेन बाईला परत दिला आणि "झालं" म्हणाले. ते कोणाला म्हणाले, ते मी अजून ठरवलेलं नाही.

माघात ते गेले. न्यूमोनिया झाला होता. मेहकरला नेलं, तिथून परत आणलं.

आता पेन्शन माझ्या नावाने येते, त्यामुळे दाखलाही मीच द्यायचा. यंदा दिवाळीनंतर बाई आली. हातात खामगावची नवी बाटली, तोंडापर्यंत भरलेली.

"वहिनी, शाई आणली. या वेळी विचारलं नाही, सरळ आणली."

मी गुरुजींचा बारीक पेन काढला. धुतला, वाळवला, आट्यांना व्हॅसलीन लावलं. सुपारी लागली नाही. फरशीवर एक डाग पडला, तो मी पुसला नाही.

बाईने आपला जाड पेन पुढे केला. "हा घ्या हवं तर. सोपा जातो."

"माहा हात नाही कापत," मी म्हटलं.

तिने पेन पिशवीत ठेवला. तिच्या बोटावरचा निळा डाग अजून आहे. दिसला की अजून मला राग येतो.

ऑटोत या वेळी जागा भरपूर होती. बँकेतल्या पोराने आम्हाला ओळखलं. विचारलं, "दोघीच?"

"हाव," मी म्हटलं, "दोघीच."

मी त्यांच्या पेनाने सही केली, बाईने तिच्या. पोराने दोन शिक्के मारले. गुरुजी माघात गेले. बाई जिवंत आहे. मी जिवंत आहे.